अर्ध्या टाकीवर बंद पडणारं इंजिन

माझ्या रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानाचं ४६ साइजचं ग्लो इंजिन (मेथॅनॉलवर चालणारं छोटं इंजिन) जमिनीवर झकास चालायचं. हवेत टाकी अर्धी झाली की आवाज चिरका व्हायचा, आणि नाक वर केलं की इंजिन बंद. तीन रविवार मी नुसती नीडल, म्हणजे इंधनाचं प्रमाण ठरवणारा स्क्रू, फिरवत बसलो. प्लगही बदलला, पैसे फुकट.

शेवटी टाकी उघडली. आतली इंधन ओढणारी सिलिकॉनची नळी दिसायला धडधाकट. एक टोक दाबून ती पाण्याच्या वाटीत बुडवली, दुसरीकडून फुंकलं, तर पितळी नळीवर चढवलेल्या टोकाशी बारीक बुडबुडे! पितळ कापताना राहिलेली धार तिथे घासत होती. इंधन त्या भोकाखाली गेलं की इंजिन हवाच ओढणार.

धार कानशीने मोडली, नवी नळी घातली. आधी जाड घेतली होती, पण ती वाकेना, नळीचं तोंड इंधनात बुडवून ठेवणारं टोकाचं वजन अधांतरी लटकायचं. टाकी उलटी केली की ते खळकन पडायला हवं, मागच्या भिंतीला मात्र टेकू नये.

सिलिकॉन फक्त मेथॅनॉलच्या ग्लो इंधनाला हं. मित्राने पेट्रोल इंजिनाला तीच लावली, फुगून पार शेवई झाली. तिथे आता पिवळी टायगॉन, म्हणजे पेट्रोलला टिकणारी नळी, आहे.