रोबोट मॉपच्या टाकीत साधं पाणी की क्लीनर? या चुका टाळा

मार्चात वर्षाची हळद दळून आणली. डब्यात भरताना पिशवी कलंडली आणि मूठभर हळद स्वयंपाकघराच्या फरशीवर सांडली. झाडून घेतली, तरी पिवळी झाक राहिलीच. मुलाने पुण्याहून पाठवलेला, फरशी पुसणारा रोबोट तेव्हा नवा होता. म्हटलं, होऊन जाऊ दे परीक्षा. टाकीतल्या पाण्यात चमचाभर कपड्यांची पावडर विरघळवली आणि बटण दाबलं. पाच मिनिटांत सासूबाईंची हाक, "अगं, कुंकू सांडलंय का कुणी?" फरशीवर लांबच लांब लाल पट्टे, आणि यंत्र इमानेइतबारे ते हॉलकडे ओढत निघालेलं.

सांगलीत राहून मला हे सुचायला हवं होतं. हळदीत चुना कालवला की कुंकू होतं, ते याच कारणाने. हळदीचा रंग अल्कधर्मी पदार्थाशी गाठ पडली की लाल होतो, आणि कपड्यांच्या पावडरीत तसा सोडा असतोच. हळद सांडली तर कोरडीच उचला, उरलेला डाग हाताने पुसा आणि रोबोट त्या दिवशी बंद ठेवा. पाणी लागलं की तो एका जागचा डाग घरभर करतो.

ही चूक निदान डोळ्यांना दिसली तरी. बाकीच्या दिसत नाहीत, नुसती फरशी चिकट लागते.

बादलीचं माप टाकीला लावू नका

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. बादलीभर, म्हणजे साधारण 10 लिटर पाण्यात आपण झाकणभर क्लीनर घालतो. ते 20 मिली धरू. तेच प्रमाण रोबोटच्या 250 मिलीच्या टाकीला लावलं तर होतं अर्धा मिली, म्हणजे दहा-बारा थेंब! आपण मात्र सवयीने झाकणच ओततो. म्हणजे चाळीसपट. शिवाय बादलीने पुसताना फडकं मधूनमधून खळबळून पिळतो. साधा रोबोट तेच ओलं कापड शेवटच्या खोलीपर्यंत फिरवतो. फरशीवर सुटलेला क्लीनर तिथेच वाळतो, त्यावर धूळ बसते, आणि दोन दिवसांनी आपण म्हणतो, "घाण निघत नाहीये, जरा जास्त घालू या."

चिकटपणा क्लीनरचा आहे की नाही, हे ओळखायला सोपं आहे. एक फरशी साध्या कोमट पाण्याने हाताने घासा. फेस आला तर तो जुन्या क्लीनरचा थर. मग आठ-दहा दिवस टाकीत फक्त पाणी घाला आणि दर फेरीला धुतलेलं कापड लावा. थर हळूहळू उतरतो.

कापडाचीही हीच परीक्षा. धुतलेलं कापड स्वच्छ पाण्यात पिळून बघा. फेस येतोय? मग दोष टाकीतल्या पाण्याचा नाही, कापडात राहिलेल्या साबणाचा. हे मायक्रोफायबर कापड कम्फर्टसारख्या कपडे मऊ करणाऱ्या लिक्विडमध्ये तर कधीच बुडवू नका, त्याचे धागे पाणी आणि धूळ धरेनासे होतात.

पाणी कुठलं, हे कुणी विचारतच नाही

साधं पाणी म्हणजे नेमकं कुठलं? नळाला कृष्णेचं पाणी येतं तोवर ठीक. उन्हाळ्यात ते कमी पडलं की सोसायटीच्या टाकीत बोअरचं मिसळतं. आपल्याकडे नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यातल्या जमिनी क्षारपड झाल्यात, तिथल्या बोअरचं पाणी तर विचारूच नका. बादली तळाला पांढरी झाली तरी चालते. रोबोटमध्ये हेच पाणी बारीक नळीतून आणि सुईच्या भोकाएवढ्या छिद्रातून जातं. क्षार तिथे साठले की एक बाजू ओली, एक कोरडी, असं पुसलं जातं. आपल्याला वाटतं पंप गेला.

याहून वाईट म्हणजे आरओचं वाया जाणारं पाणी. लादी पुसायला ते साठवण्याची काटकसर चांगलीच, पण बादलीपुरती. रोबोटला ते देऊ नका, गाळलेले सगळे क्षार त्यातच आलेले असतात. उलट एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार जवळपास नसतात. त्याच दिवशीचं, फडक्याने गाळून मी ते उन्हाळाभर वापरते.

व्हिट्रिफाइड टाइल्सवर पांढुरके पट्टे दिसत असतील तर एका कोपऱ्यात व्हिनेगरचं ओलं बोट फिरवा. पट्टा गेला तर तो क्षारांचा, राहिला तर बहुधा क्लीनरचा. ही परीक्षा फक्त व्हिट्रिफाइडवर. शहाबादी, कोटा, संगमरवर हे चुन्याच्या जातीचे दगड, मोझॅकमध्येही सिमेंट आणि संगमरवराचे तुकडे असतात. व्हिनेगर, लिंबू किंवा टॉयलेट क्लीनर यांना खातं, चकाकी जाते ती परत येत नाही.

मग क्लीनर कधीच नाही?

तेलकटपणा निव्वळ पाण्याने हटत नाही, हे खरं. भडंगाचा डबा सांडला, फोडणी उडाली, तिथे साबणाचं काम असतंच. पण ते फडक्याचं आणि हाताचं काम. टाकीत घालायचंच असेल तर यंत्राच्या पुस्तिकेत परवानगी असलेलं, कमी फेसाचं, तेही तिथे दिलेल्या मापानेच. घाण पाणी स्वतः ओढून घेणारा मोठा डॉक, म्हणजे रोबोट उभा राहतो तो स्टँड असेल तर फेसाला जास्तच जपा. तो ओढणाऱ्या मोटरपर्यंत गेला की खर्च आलाच.

फिनेल नको. तेलकट असतं, पाण्यात दुधासारखं फुटतं आणि नळीत चिकटून बसतं. ब्लीच नको, रबराची वाट लागते. आणि टाकीत एकाचं उरलेलं असताना दुसरं ओतणं तर मुळीच नको. ब्लीच आणि ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो, तो थेट छातीला लागतो.

घरात रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर साधं पाणीच. दोघंही फरशी चाटतात, एक थेट आणि एक पंज्यावरून.

पावसाळ्यात कुबट वास आला तर बहुतेक जण सुगंधी क्लीनर आणायला धावतात. वास येतो तो टाकीत रात्रभर राहिलेल्या पाण्याचा आणि यंत्राखालीच ओल्या राहिलेल्या कापडाचा. फेरी संपली की टाकी उपडी करा, कापड काढून पंख्याखाली वाळत घाला.

सासूबाईंना मात्र हे काही पटत नाही. "वास नाही आला तर पुसलं असं म्हणायचं कसं?" शेवटी तोडगा निघाला. रोबोट घरभर साध्या पाण्यावर फिरतो, आणि तो फिरत असताना सासूबाई मोरीत झाकणभर फिनेल ओतून येतात.