स्टेज झकास पण दिसत कोणालाच नाही: हॉल सजवताना या चुका टाळा

रेंडर बघून स्टेज फायनल करू नका, ही पहिली गोष्ट. व्हॉट्सॲपवर थ्रीडी फोटो येतो, त्यात हॉल रिकामा, छत उंचच उंच, फुलं भरगच्च, सगळे म्हणतात भारी आहे करून टाका, आणि आदल्या रात्री दीड वाजता कळतं की बॅकड्रॉप १२ फुटी आणलाय, स्टेज २ फुटी आहे आणि झुंबर १३ फुटांवर लटकतंय. हॉलवाल्याने उंची १६ फूट सांगितली होती ना? हो, पण ती स्लॅबपर्यंतची.

म्हणून रेकीला, म्हणजे हॉलची आधी पाहणी करायला, टेप घेऊन स्वतः जा. लांबी-रुंदी सगळेच मोजतात, पण झुंबराच्या खालच्या टोकाची उंची, एसीचा डक्ट, मधला खांब, सर्व्हिस लिफ्टचं दार, विजेचा मेन पॅनल कुठे आहे आणि टेम्पो किती जवळ येतो हे कोणी मोजत नाही. सजावटीचा ८ बाय ४ फुटांचा पॅनल लिफ्टमध्ये मावत नसेल तर तो चार मजले जिन्याने चढतो आणि लेबर मग त्याचे वेगळे पैसे मागतात, बरोबरच आहे त्यांचं.

उंची चुकलीच असेल तर बॅकड्रॉपची फ्रेम स्टेजवर उभी करू नका, स्टेजच्या मागे जमिनीवर करा, तिथेच २ फूट वाचतात. आणि काहीही झालं तरी फॉल्स सीलिंगला वजन लटकवायचं नाही, ते पीओपी स्वतःचंच वजन कसंबसं पेलतं. लाईट टांगायचे तर जमिनीवर उभा राहणारा ट्रस (धातूच्या नळ्यांचा सांगाडा) घ्या, आणि त्याच्या बेसला वजन ठेवलंय का ते बघा, नुसतं कापड गुंडाळलेलं नको.

शेवटच्या रांगेत बसून बघितलंय का?

खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे साधारण ४ फुटांवर असतात आणि पुढे पंधरा-वीस रांगा डोकी असतात. ५०-६० माणसांना दीड-दोन फुटांचं स्टेज पुरतं, तीनशेच्या पुढे गेलात की ३ ते ४ फूट लागतंच. कॉर्पोरेट कार्यक्रमात अजून एक फॅशन आहे, पॅनल चर्चेला खोल बुडणारे सोफे ठेवायचे, म्हणजे बोलणाऱ्याचे गुडघे दिसतात, चेहरा नाही. सोफ्याऐवजी उंच खुर्च्या ठेवा. कार्यक्रमाच्या दिवशी लक्षात आलं तर फुकटातला उपाय म्हणजे प्रत्येक दुसरी रांग अर्धी खुर्ची सरकवून लावा, निदान दोन डोक्यांमधून तरी दिसतं.

लग्नात तर विचारूच नका. मंगलाष्टकं सुरू झाली की स्टेजवर मामा, करवल्या, भटजी, चार फोटोग्राफर आणि ड्रोन उडवायची परवानगी न मिळालेला एक पोरगा, आणि खाली बसलेले पाहुणे त्या सगळ्यांच्या पाठीवर अक्षता टाकतायत. ८ फूट खोलीच्या स्टेजवर हे होणारच. किमान १६ फूट खोली घ्या, नवरा-नवरी थोडी पुढे उभी करा आणि फोटोवाल्यांना दोन बाजूंना खाली जागा ठरवून द्या, आधीच, तोंडी नाही तर खुणा करून. रिसेप्शनला चढायला एक जिना आणि उतरायला दुसरा हवा. एकच असला की आहेर घेऊन वर जाणारे आणि फोटो काढून खाली येणारे तिथेच अडकतात, त्यात एखादी आजी असतेच. पायरी ६-७ इंचांपेक्षा उंच नको आणि एका बाजूला धरायला कठडा पाहिजे. फुलांनी सजवलेला कठडा चालत नाही, तो हातात येतो.

बॅकड्रॉपवरचं नाव किंवा लोगो स्टेजपासून ६ फुटांच्या वर ठेवा, नाहीतर सगळ्या फोटोत ते डोक्यांमागे जातं. आणि मराठी मजकूर असेल तर डिझायनरला फाईल कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करूनच, द्यायला सांगा. प्रेसवाल्याकडे तो फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात, आणि मग २० फुटी फ्लेक्सवर ‘शुभविवाह’ सोडून भलतंच काहीतरी छापून येतं. छापायच्या आधी प्रूफ वाचायला घरातल्या खवचट काकांना द्या.

मागे एलईडी वॉल, पुढे काळी माणसं

वॉल पूर्ण ब्राइटनेसवर आणि समोरून लाईट नाही, म्हणजे बोलणारा माणूस सावली होऊन जातो. ब्राइटनेस उतरवा, हॉलमध्ये पूर्णची गरज नसतेच, आणि समोरून दोन बाजूंनी साधारण ४५ अंशात पांढरा लाईट मारा. दोन्ही लाईट एकाच रंगछटेचे हवेत, एक पिवळट आणि एक निळसर असला की अर्धा चेहरा हळदीतला आणि अर्धा आजारी दिसतो. एलईडी पॅनलची पिच, म्हणजे दोन ठिपक्यांमधलं अंतर, जितक्या मिलिमीटरची तितक्या मीटरवर पहिली रांग असावी, म्हणजे पी३ ला साधारण १० फूट, त्याच्या आत ठिपके दिसतात. कॅमेऱ्यात वॉलवर लाटा यायला लागल्या तर वॉलला दोष देण्याआधी कॅमेरा मागेपुढे हलवून आणि फोकस थोडा बदलून बघा, बऱ्याचदा जातात.

जनरेटरच्या गणितात लोक फसतात. जनरेटरवर लिहिलेले १२५ केव्हीए म्हणजे वापरायला १२५ किलोवॅट नाही, ०.८ पॉवर फॅक्टरने, म्हणजे ०.८ ने गुणून, १०० किलोवॅट, आणि तोही काठोकाठ भरायचा नसतो. जुना पार कॅन (डब्यासारखा स्टेजचा लाईट) एकटाच १ किलोवॅट खातो, त्यामुळे लाईटवाल्याकडून आकड्यात यादी घ्या, ‘होऊन जाईल साहेब’ हा आकडा नाही. लोड तीन फेजवर वाटून घ्या. स्पीकरमधून हम्म येत असेल तर बहुतेक वेळा साउंड आणि व्हिडिओचं अर्थिंग वेगवेगळ्या ठिकाणी गेलेलं असतं, दोन्ही एकाच पॉइंटवरून घ्या. अर्थची पिन तोडून हम्म घालवणारे महाभाग भेटतात, त्यांना हात लावू देऊ नका, शॉक बसला तर माईक ओठाला लावलेला माणूस असतो तिकडे.

पडद्यामागचं दार

या एका बाबतीत मी भांडतो. हॉल सुंदर दिसावा म्हणून भिंतीभर कापड सोडलं जातं आणि त्यामागे इमर्जन्सीचं दार जातं, वरचा हिरवा बोर्ड फोटोत वाईट दिसतो म्हणून त्यावरही झालर. २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणातल्या डबवालीत एका मंगल कार्यालयात शाळेचा कार्यक्रम चालू होता, सिंथेटिक कापडाचा मांडव पेटला आणि चारशेहून जास्त माणसं गेली, त्यात लहान मुलं खूप होती. आपल्या मुंबईत १४ फेब्रुवारी २०१६ ला गिरगाव चौपाटीवर मेक इन इंडियाच्या कार्यक्रमात लावणी चालू असताना स्टेज पेटलं, मुख्यमंत्री समोर बसलेले, समुद्राचं वारं, बघता बघता अख्खं स्टेज गेलं. कोणाला इजा झाली नाही कारण उघडं मैदान होतं आणि लोकांना पटकन हलवलं. तेच बंद हॉलमध्ये झालं असतं तर?

तेव्हा दारासमोरचं कापड कापा किंवा बाजूला बांधा, क्लायंट रुसला तरी. स्टेजखाली केबलची जोडणी, रिकामी खोकी, पडद्याचे उरलेले तुकडे ठेवू नका, स्टेजखाली कोणी डोकावत नाही म्हणूनच तिथे कचरा साठतो. होमकुंड नेटच्या पडद्यापासून लांब, आणि हॉटेल असेल तर त्यांना आधी सांगा, नाहीतर लाजाहोमाच्या धुराने अलार्म वाजतो आणि सप्तपदी सायरनवर होते. गरम लाईट कापडाला चिकटून नको. अग्निशामक सिलिंडर स्टेजच्या दोन्ही बाजूंना, आणि तो वापरता येणारा एक माणूस.

लॉन असेल तर वाऱ्याचा विचार करा. २० बाय १२ चा फ्लेक्स म्हणजे २४० चौरस फुटांचं शीडच, मागून तिरके टेकू आणि वजन हवंच, गोव्यात किनाऱ्यावर तर जास्तच. सलग फ्लेक्सऐवजी जाळीवर प्रिंट घेतलं की वारा आरपार जातो. उघड्यावर रात्री १० नंतर स्पीकर बंद, सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडून, म्हणून एंट्री आणि डान्स नऊच्या आधी उरका. थर्माकोलची सजावट महाराष्ट्रात २०१८ पासून बंद आहे तरी कोटेशनमध्ये गुपचूप येते, विचारून घ्या कशाचं बनवताय.

आणि ताबा किती वाजता मिळणार, किती वाजता सोडायचा हे लेखी घ्या. आधीच्या पार्टीचं जेवण लांबलं की तुमचे चार तास गेले. काम सुरू करण्याआधी भिंती आणि फरशीचे फोटो काढून हॉलच्या मॅनेजरला पाठवा, नाहीतर खिळ्यांची जुनी भोकं तुमच्या डिपॉझिटमधून वजा होतात.