ट्रॉम्बोन शिकणाऱ्यांनी कोणती साधने जवळ ठेवावीत

ट्रॉम्बोन या पितळी फुंकवाद्याच्या स्लाइडला, म्हणजे पुढे-मागे सरकणाऱ्या नळीला, सात पोझिशन्स (थांबण्याच्या जागा) असतात, परंतु त्या नेमक्या कोठे येतात हे दाखवणारी एकही खूण नळीवर नसते. तिसरी पोझिशन बेलच्या (वाद्याच्या रुंद तोंडाच्या) कडेच्या किंचित अलीकडे आणि चौथी किंचित पलीकडे, एवढाच डोळ्यांना आधार मिळतो. बाकीचे सर्व कानाने ठरवावे लागते. त्यामुळे कोणतेही पुस्तक, ॲप किंवा शिकवणी निवडताना त्यातून कान तयार होईल का, हे आधी पाहावे, असे माझे मत आहे.

या दृष्टीने सर्वांत उपयोगी साधन अनेक मराठी घरांत आधीपासूनच असते, ते म्हणजे मोबाइलमधील तंबोऱ्याचे ॲप. नेहमीचा टेनर ट्रॉम्बोन बी फ्लॅटमध्ये, म्हणजे पेटीच्या काळी पाचमध्ये असतो. तंबोरा काळी पाचला लावून, स्लाइड पूर्ण आत ठेवून, केवळ ओठ व श्वास यांच्या बळावर खालून वर गेल्यास षड्ज, पंचम, वरचा षड्ज, गंधार आणि पंचम असे स्वर क्रमाने निघतात. यातील गंधार पियानोवरील डी या स्वरापेक्षा तत्त्वतः सुमारे १४ सेंट (अर्ध्या स्वराचे १०० सेंट धरतात) उतरलेला असतो, आणि म्हणून ट्यूनरच्या (सूर मोजणाऱ्या यंत्राच्या) काट्याकडे पाहत वाजवणारा विद्यार्थी हमखास गोंधळतो. वस्तुतः तंबोऱ्याच्या षड्जातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो हाच, आणि तंबोऱ्यासोबत तो अचूक सुरात लागतो. पियानोच्या साथीला मात्र तो ओठांनी थोडा चढवावा लागतो, कारण पहिल्या पोझिशनच्या आत स्लाइड जाऊच शकत नाही.

याच तंबोऱ्यावर रेमिंग्टन यांचा रोजचा पाठ घ्यावा. अमेरिकेतील ईस्टमन संगीत विद्यालयात १९२२ पासून जवळपास अर्धशतक शिकवणाऱ्या एमरी रेमिंग्टन यांची ही पद्धत अगदी साधी आहे: पहिल्या पोझिशनमधून दुसरीत जाऊन परत यायचे, मग पहिलीतून तिसरीत, असे करत सातवीपर्यंत जायचे. स्वर लांब आणि सलग ठेवावेत. वेग वाढवण्याचा मोह टाळावा.

पुस्तकांपैकी फ्रेंच वादक आर्बन यांची १८६४ ची पद्धती मूळची कॉर्नेटसाठी (ट्रम्पेटसारख्या लहान पितळी वाद्यासाठी) आहे. आयएमएसएलपी या संकेतस्थळावर जुन्या स्वरलिपी मोफत मिळतात, परंतु तेथून कॉर्नेटची प्रत उतरवून घेतल्यास ती ट्रेबल क्लेफमध्ये (उंच स्वरांसाठीच्या स्वरलिपी-चिन्हात) निघते, तेव्हा बास क्लेफमधील (खालच्या स्वरांसाठीच्या चिन्हातील) ट्रॉम्बोन आवृत्तीच पाहून घ्यावी. वाचन थोडे जमू लागले की रोशू यांनी संपादित केलेले तीन खंड घ्यावेत. इटालियन गायक बोर्दोन्यी यांचे गायनाचे अभ्यासपाठ त्यात ट्रॉम्बोनसाठी बसवलेले आहेत. दोन स्वरांमधील घसरण न ऐकू येता ते जोडायला शिकवणारे याहून चांगले साहित्य मला ठाऊक नाही.

शिक्षक शोधताना पोलीस अथवा लष्करी बँडमधील निवृत्त वादकांकडे अवश्य चौकशी करावी, कारण पचमढीच्या लष्करी संगीत प्रशिक्षणातून गेलेल्यांचे स्वरलिपीवाचन सहसा पक्के असते. लग्नाच्या बँडमधील काही वादक उत्तम वाजवतात, पण अनेक जण कानावरच शिकलेले असतात. परीक्षा द्यायची असेल तर शिक्षकांना स्वरलिपी वाचता येते का, हे प्रारंभीच विचारून घ्यावे. ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या दोन्ही ब्रिटिश परीक्षा संस्थांच्या श्रेणी परीक्षा भारतातही होतात आणि त्यांचे अभ्यासक्रम संकेतस्थळावर वाचता येतात. ब्रिटिश ब्रास बँडच्या परंपरेत टेनर ट्रॉम्बोनची स्वरलिपी ट्रेबल क्लेफमध्ये लिहितात, म्हणून पुस्तक विकत घेण्यापूर्वी आपले शिक्षक कोणत्या क्लेफमध्ये शिकवणार, याची खात्री करून घ्यावी.

ऐकण्यासाठी सलग, गाता सूर हवा असेल तर टॉमी डॉर्सी, जॅझमधील स्पष्ट आणि जलद वादनासाठी जे. जे. जॉन्सन, आणि एकल मैफिलीच्या रचनांसाठी स्वीडनचे क्रिस्तियान लिंडबर्ग यांची ध्वनिमुद्रणे निवडावीत. एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा ऐकावा, तो आधी तोंडाने गावा आणि त्यानंतरच स्लाइडला हात लावावा.