घरी बांधलेलं उभयचर विमान पहिल्यांदा उडवताय? या चुका टाळा

गेल्या महिन्यात फ्लोरिडातल्या टॅम्पाहून एका मुलाचा फोन आला. मूळचा सांगलीचा, चार वर्षं गॅरेजमध्ये दोन आसनांचं उभयचर, म्हणजे रनवेवर आणि पाण्यावर दोन्हीकडे उतरणारं, विमान बांधत होता. "काका, विमानाच्या परवानगीचे कागद हातात आले! आईबाबा रविवारी भारतात परत जातायत, म्हणून शनिवारीच एक चक्कर मारतो. रनवेवरून उठायचं, तळ्यात एकदा टेकायचं आणि परत. तुम्ही याल ना?"

मी विचारलं, "शेवटचं विमान कधी उडवलंस?"

"झाली असतील दोन वर्षं. बांधण्यातच वेळ गेला हो."

एका फोनमध्ये चार चुका. फ्लोरिडात तळी मुबलक, टव्हेरीझसारखं गाव तर स्वतःला सीप्लेनचं, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचं, शहर म्हणवतं. त्यामुळे असा फोन मला दर वर्षी येतो. आता एकदाच लिहून ठेवतो आणि पुढच्याला हेच पाठवतो.

मुंबईत अमोल यादवांनी गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. त्याची नोंदणी 2017 साली झाली, पण त्याआधी कित्येक वर्षं खेटे घालावे लागले. इथे अमेरिकेत इन्स्पेक्टर येतो, विमान आणि बांधणीच्या नोंदवह्या बघतो, सगळं ठीक असेल तर त्याच दिवशी प्रमाणपत्र हातात ठेवून जातो. सोय उत्तमच आहे. पण त्या कागदाचा अर्थ "उडवून बघायला आमची हरकत नाही" एवढाच. ते नीट उडेल, असं त्यावर कुणीही लिहिलेलं नसतं. आपली मंडळी मात्र कागद मिळाला की गुडघ्याला बाशिंग बांधून तयार!

"जरा पळवून बघतो"

ही माझी स्वतःची चूक आहे, म्हणून सगळ्यात आधी.

माझं विमान व्होल्मर जेन्सन या अमेरिकन विमानरचनाकाराच्या आराखड्यावरचं, व्हीजे-22. मूळ नमुना 1958 सालचा. धड म्हणजे प्लायवूडची बोट, पंख एका जुन्या एरोंका नावाच्या छोट्या विमानाचे आणि इंजिन डोक्यावर खांबांवर चढवलेलं, पंखा मागच्या बाजूला. इंजिन इतकं उंच ठेवायचं कारण पाणी. खाली ठेवलं तर पंखा तुषारांनी खराब होतो. पण त्याची किंमत हवेत मोजावी लागते. ढकलणारा जोर विमानाच्या डोक्यावरून येतो, त्यामुळे थ्रॉटल, म्हणजे इंजिनचा जोर कमी-जास्त करायचा दांडा, पुढे नेलं की नाक खाली जातं आणि मागे ओढलं की नाक वर येतं. सेस्नात, म्हणजे नाकावर इंजिन असलेल्या नेहमीच्या शिकाऊ विमानात, शिकलेल्या माणसाच्या हाताला याच्या बरोबर उलट सवय असते. मला हे पाठ होतं. पाठ असणं आणि हाताला माहीत असणं यात फार फरक आहे, हे त्या सकाळी कळलं.

मी उडणार नव्हतोच. रनवेवर नुसतं जोरात पळवून बघायचं होतं, ज्याला सगळे 'फास्ट टॅक्सी' म्हणतात. ताशी 45 मैलांच्या आसपास चाकांचा खडखड आवाज एकदम थांबला. मी एकटाच, टाकीत इंधन थोडं, समोरून वारा, म्हणजे विमान हलकं. खाली बघतो तर दहा-बारा फूट हवा. घाबरलो आणि थ्रॉटल एका दमात मागे ओढलं. नाक आपोआप वर गेलं, डोक्यावरच्या इंजिन-खांबांनी हवा अडवली, वेग मेला आणि विमान शेपटीवर पडलं. मागचं चाक गेलं आणि बोटीच्या तळाचं प्लायवूड हातभर तडकलं. मला काही झालं नाही. दुरुस्तीला पाच महिने लागले. बायको अजूनही पाहुण्यांना सांगते की यांचं पहिलं उड्डाण चार सेकंदांचं होतं.

तेव्हापासून माझा नियम असा की रनवेवर एक तर हळू चालवायचं, नाहीतर उडायचं. मधलं काही नाही. ब्रेक, सुकाणू, इंजिनचं तापमान सगळं कमी वेगात कळतं. ज्या वेगात विमान उठू शकतं त्या वेगाला जायचं असेल, तर उड्डाणाची पूर्ण तयारी करूनच जा, आणि उठलंच तर उडवा. हवेत तीन हजार फुटांवर जाऊन थ्रॉटल हळूहळू कमी करा आणि वेग टिकवायला स्टिक, म्हणजे नाक वर-खाली करायची दांडी, किती पुढे ढकलावी लागते ते हाताला शिकवा. मी हे रोज वीसदा केलं, आठवडाभर. कंटाळा येतो. येऊ द्या. रनवेच्या टोकाला इंजिन बंद पडलं, तर नाक खाली घालायला विचार करण्याइतका वेळ मिळत नाही.

दोन वर्षं न उडवता चाचणी वैमानिक होणं

बांधताना आपण रिव्हेट मोजण्यात तज्ज्ञ होतो आणि उडवण्यात गंजतो. अमेरिकेत अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबी या सरकारी संस्थेने 2012 साली घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास छापला. त्यात सर्वांत जास्त आढळल्या दोन गोष्टी: इंजिन बंद पडणं आणि वैमानिकाचा ताबा सुटणं. सांगाडा तुटून झालेले अपघात विरळा. तरी मंडळी पंख तुटेल का, या काळजीत रात्री जागतात आणि इंधनाच्या नळीकडे ढुंकूनही बघत नाहीत. उपाय महागडा आहे, पण एकच: तशाच घडणीच्या विमानात, शिक्षकाबरोबर, निदान दहा तास. सीप्लेनचं रेटिंग, म्हणजे ते उडवायची परवानगी, मिळालं म्हणजे हे झालं असं समजू नका. ते बहुतेक जण चाकांच्या जागी तरंगपट्ट्या लावलेल्या विमानावर घेतात आणि त्यात इंजिन नाकावर असतं.

इंधनाचा प्रवाह मोजायचा तो विमानाचं नाक चढताना असतं तेवढं उंच करून. पंपाशिवाय, उंचावरच्या टाकीतून नुसत्या उतारावर इंधन येत असेल तर इंजिनच्या कमाल गरजेच्या दीडपट हवं, पंप असेल तर सव्वापट. ही चाचणी सपाट जमिनीवर करणारे लोक मी पाहिले आहेत आणि ते समजावूनही ऐकत नाहीत.

खिशातला फोन, टोपी, कॉकपिटमधला सुटा पाना: पंखा तुमच्या मागे आहे, खिडकीतून जे उडेल ते त्यातूनच जाईल.

पहिल्या उड्डाणाला सोबत कुणाला घेऊ नका. भावाला नाही, मित्राला नाही, "वजन म्हणून" सुद्धा नाही.

तळ्यात एकदाच टेकतो

सांगलीच्या मुलाशी मी सगळ्यात जास्त भांडलो ते यावरून.

पहिल्या उड्डाणात चाकं खालीच ठेवायची असतात. वर घेतलेली चाकं खाली आलीच नाहीत तर काय, हा प्रश्न त्या दिवशी नको. हे बरोबर आहे, सगळे तसंच सांगतात. पण याच शहाणपणातून एक सापळा तयार होतो. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी पहिलं उड्डाण अगदी झकास केलं. वीस मिनिटं झाली, विमान सरळ उडतंय, इंजिन गार आहे, खाली तळ्याच्या काठावर नातेवाईक हात हलवतायत. मन म्हणालं, एकदाच टेकू. चाकं कुठे आहेत हा विचार आलाच नाही, कारण त्या दिवशी चाकांच्या दांड्याला त्यांनी हातच लावला नव्हता.

रनवेवर चाकं वर ठेवून उतरलात तर बोटीचा तळ खरवडतो, लाज वाटते, रंगाचा खर्च येतो. पाण्यावर चाकं खाली ठेवून उतरलात तर चाकं पाण्यात अडकतात, नाक रुततं आणि विमान क्षणात पालथं होतं. त्या गृहस्थांचं तसंच पालथं झालं. पट्ट्यात उलटे लटकलेले, गढूळ पाणी, वर कुठे आणि खाली कुठे कळत नाही. नशीब की लाइफ जॅकेट आत फुगवलं नाही, नाहीतर तेच त्यांना जमिनीला, म्हणजे आता छत झालेल्या जमिनीला, चिकटवून ठेवतं. दाराची कडी हाताने चाचपून ते बाहेर आले. विमान परत उभं करायला दोन वर्षं गेली.

म्हणून पहिले काही दिवस पाणी नाही. चाकांचं वर-खाली आधी विमान घोडीवर टेकवून जमिनीवर, मग हवेत. पाण्याचा दिवस वेगळा ठरवा. त्या दिवशी मी मोठ्याने, मराठीत बोलतो: "पाण्यावर उतरतोय. चाकं वर. डावं वर दिसलं. उजवं वर दिसलं." दिवा बघून नाही, मान वळवून चाक बघून. शेजारी कुणी बसला तर हसतो. हसू दे.

पाणी आरशासारखं स्थिर असेल तर परत फिरा, उंचीचा अंदाजच येत नाही. थोड्या लाटा चांगल्या. उतरल्यावर विमान डॉल्फिनसारखं उड्या मारायला लागलं तर स्टिक पुढे-मागे करून त्याच्याशी खेळू नका: स्टिक मागे धरा, थ्रॉटल बंद, बसू द्या.

आणि बोटीच्या तळाची, आतलं पाणी काढायची बुचं. ती लावायला विसरलात आणि वीस लिटर पाणी आत शिरलं की वीस किलो, आणि चढताना ते सगळं शेपटीकडे धावतं. बुचं काढली की मी किल्लीच्या जुडग्याला बांधतो. बुचं लावल्याशिवाय किल्ली सुटत नाही.

सांगलीच्या मुलाने शनिवारी उडवलं नाही. आईबाबांना विमानतळावर सोडून आला आणि शिक्षकाची वेळ घेतली. तीन आठवड्यांनी, सकाळी सातला, वारा नसताना, रनवेवरून रनवेवर, अठरा मिनिटं. उतरल्यावर लगेच परत उडायला निघाला होता. मी इंजिनवरचं आवरण काढायला लावलं. तेलाच्या नळीचा क्लॅम्प पाऊण वळसा सैल निघाला. दुसरं उड्डाण चार दिवसांनी झालं.