पोपटी, चिरबोट, रसभरी: फुगा नंतर, आधी फुलात डोकवा

पाऊस ओसरला की पुण्यात वेताळ टेकडीवर, तळजाईला, अगदी सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवरसुद्धा ती रोपटी दिसायला लागतात, हिरव्या कंदिलासारखे फुगे लटकलेली, लहानपणी कपाळावर आपटून फट्‌कन फोडायचो ना तीच. कोणी पोपटी म्हणतं कोणी चिरबोट, आणि फोटो ग्रुपवर टाकला की दहा जण दहा नावं सांगतात, सगळे फुग्याकडे बघून, आणि तिथेच चुकतं. फुगा म्हणजे फुलामागचा हिरवा निदलपुंज, फळ धरलं की तोच वाढून फळाभोवती पिशवी होते. फायसॅलिस हे या रोपट्यांचं घराणं, आणि त्याच्या सगळ्याच जातींत हे होतं, त्यामुळे फुग्यावरून फार तर घराण्याचा अंदाज येतो, नेमकी जात कळत नाही.

घराणं तरी नक्की करा आधी. वेलीवर तीन कप्प्यांचा फुगा आणि आत काळ्या बीवर पांढरं बदाम असेल तर ती कपाळफोडी, तिचा इथे काही संबंध नाही. फूल निळसर जांभळं आणि फुग्याला पंखासारख्या पाच पाळ्या असतील तर ती निकॅन्ड्रा, तीही वेगळ्या घराण्यातली. अश्वगंधेचा घोळ जास्त होतो. तिची फुलं बारकी, हिरवट पिवळी, पानाच्या बेचक्यात झुपक्याने येतात आणि पिकलेलं फळ लालभडक असतं. फायसॅलिसचं फूल आपल्याकडच्या जातींत बेचक्यात एकेकटंच येतं आणि फळ लाल होत नाही, हिरवट पिवळं नाहीतर केशरी. ही एकटं फूल की झुपका ही खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते, कारण ती लांबूनही दिसते.

आता मुख्य काम. चांगलं ऊन पडल्यावर जा, फुलं नीट उघडलेली मिळतात, आणि सोबत दहापट भिंग ठेवा. फुलं खाली मान घालून असतात म्हणून देठ हलकेच वर करायचा आणि सरळ घशात बघायचं, दोनच गोष्टी: पाकळ्यांच्या तळाशी गडद ठिपके आहेत का, आणि परागकोश, म्हणजे पुंकेसरांच्या टोकाला असलेल्या परागाच्या पिशव्या, कोणत्या रंगाचे. गच्च जांभळट तपकिरी ठिपके आणि मोठं, सेंटीमीटरच्या वर रुंद पिवळं फूल म्हणजे बहुतेक रसभरी, फायसॅलिस पेरुव्हियाना, जी मंडईत फुग्यासकट विकायला येते आणि तिचं बी परसात, उकिरड्यावर पडून उगवतं. फूल लहान, फिकट, ठिपके नाहीत किंवा अगदी पुसट, पण परागकोश निळे जांभळे, तर फायसॅलिस अँग्युलाटा. परागकोश पिवळट असतील तर जुन्या वर्णनांप्रमाणे ती फायसॅलिस मिनिमा.

परागकोश बघताना नुकतंच उमललेलं फूल घ्या, हे फार महत्त्वाचं आहे. परागकोश फुटले की पराग वर पसरतात आणि निळा रंग झाकला जातो. पर्वतीच्या पायथ्याला एकाच फांदीवर मी हे बघितलंय, वरच्या नव्या फुलात पाच निळे परागकोश स्पष्ट, खालच्या कालच्या फुलात सगळं मळकट पिवळं. फक्त खालचं बघितलं असतं तर मिनिमा लिहून मोकळी झाले असते.

मग खोडावर बोट फिरवा. अँग्युलाटाचं खोड कडा असलेलं, जवळपास गुळगुळीत, लव असली तरी तुरळक. रसभरीचं पान आणि खोड मखमलीसारखं लागतं, पान तळाशी बदामाच्या आकाराचं आणि ते झाड वर्षानुवर्षं टिकतं, बाकीच्या दोघी पावसाळी. पानाच्या लहानमोठेपणावर मात्र जाऊ नका प्लीज, मुरमावरचं रोप आणि सावलीतलं रोप एकाच जातीचं असून पानं दुप्पट वेगळी दिसतात.

फुगा आता बघा, आणि मोजा. रसभरीचा अडीच ते चार सेंटीमीटर, आत केशरी फळ. अँग्युलाटाचा साधारण दीड ते अडीच, त्यावर बऱ्याचदा जांभळ्या शिरा. मिनिमाचा त्याहून लहान.

अँग्युलाटा आणि मिनिमा ही दोन्ही नावं वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसची, १७५३ची, पण आता बरेच वनस्पतीशास्त्रज्ञ दोघींना एकच धरतात, त्यामुळे टेकडीवरचं एखादं रोप धड इकडे धड तिकडे बसत नसेल तर तुमची नजर कमी पडली असं नाही. अशा वेळी नुसतं फायसॅलिस लिहावं आणि चार फोटो ठेवावेत: घशात डोकावून फूल, खोडाची लव, नाण्याशेजारी फुगा, आणि फुगा उघडून फळ. दोन रोपटी सुकवून दाबलीत तर उत्तमच, कोरेगाव रोडला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं वेस्टर्न सर्कल १९५५ पासून आहे, तिथल्या हर्बेरियमसारख्या (सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासारख्या) ठिकाणी नमुना दाखवायचा तर फूल, फळ दोन्ही एकाच रोपावर असलेला हवा.

खायचा विषय निघतोच म्हणून सांगते, हिरवं फळ, पान, फुगा काहीच तोंडात घालायचं नाही, त्यात विषारी द्रव्यं असतात. जात पक्की असेल, फुगा वाळून कागदासारखा झालेला असेल आणि फळ आपोआप गळून खाली पडलेलं असेल तेवढंच. आणि पोरांना फुगे फोडू द्या की, फक्त आतलं लाल निघालं तर हातातून घ्या, ती अश्वगंधा.