खुरप्याला पाणी देणं: कमानपाट्यापासून धारेपर्यंत

मृग तोंडावर आला की लोहाराच्या भात्यापुढे खुरप्यांचा ढीग पडतो. तक्रारी दोनच: धार दुमडते, नाहीतर तुकडा उडतो. खापर फुटतं लोखंडावर. कधीकधी लोखंड खरंच चुकीचं असतं, पण जास्त वेळा घोळ होतो तो पाणी देताना, म्हणजे लाल पातं झटकन निववून कडक करताना, आणि त्याहून जास्त ते उतरवताना, म्हणजे पुन्हा हलकं तापवून ठिसूळपणा घालवताना.

आधी लोखंड. पोलाद पाणी घेतं ते कार्बनच्या जोरावर. टीएमटी सळईत कार्बन 0.3 टक्क्यांच्या आत ठेवलेला असतो, कारण तिला वाकायचं असतं, वेल्डिंग घ्यायचं असतं. जालन्याच्या मिलमधली सळई स्लॅबला उत्तम, खुरप्याला नाही. साधी एमएस (माइल्ड स्टील, मऊ पोलाद) पट्टीही तशीच. भंगारातून गाडीचा कमानपाटा (चाकाच्या वरच्या स्प्रिंगची पट्टी) आणा, त्यात कार्बन साधारण 0.5 ते 0.6 टक्के असतो. ट्रकचा 10-12 मिमीचा पाटा ठोकता ठोकता दंड भरून येतील, म्हणून जीप-टेम्पोचा 6 मिमीचा बघा. शंका असेल तर ग्राइंडरला लावा. एमएसची ठिणगी लांब, सरळ जाते, फाटे थोडे. पाट्याच्या ठिणगीला टोकाशी फुलबाजीसारखे फाटे फुटतात.

जुन्या पाट्यात, विशेषतः मधल्या बोल्टच्या भोकाजवळ, केसासारख्या भेगा असतात. पाटा घासून साफ करा, डिझेल चोळा, दहा मिनिटांनी कोरडा पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरा. भेग असेल तिथे पुडीवर ओली रेघ उमटते. तो भाग सोडून द्या. ठोकून भेग मिटत नाही, आत दडते.

एका खुरप्याला या 6 मिमी जाड पाट्याचा 10 सेंमी लांब, 5 सेंमी रुंद तुकडा पुरतो. हे 30 घनसेंमी झालं. पोलाद घनसेंमीला 7.85 ग्रॅम, म्हणजे सुमारे 235 ग्रॅम. यातलं थोडं खपलीत, म्हणजे तापल्यावर सुटणाऱ्या काळ्या पापुद्र्यात, जातं. पाटा हॅक्सॉने कापला जात नसेल तर लाल करून कोरड्या राखेत रात्रभर पुरून ठेवा. सकाळी तो मऊ झालेला असतो.

ठोकायचं ते नारिंगी-पिवळ्या रंगावर, 1000 ते 1100 अंशांच्या आसपास. रंग काळपट लालवर उतरला की घण थांबवा, पुन्हा भट्टीत घाला. थंड होत आलेलं पोलाद ठोकलं की कडेला भेगा पडतात. उलट, पांढरं होऊन ठिणग्या उडायला लागल्या तर ते जळलं. तेवढा भाग छिन्नीने तोडून टाकण्याखेरीज इलाज नाही. पातं अडीच-तीन मिमीवर आणा, पण धारेची कड दीड मिमी राखा. आत्ताच पातळ केलेली कड तेलात वाकडी होते.

पुढची पायरी बरेचजण गाळतात. ठोकून झालेलं खुरपं लाल करून नुसत्या हवेत काळं होऊ द्या. असं तीन वेळा. जास्त तापल्याने पोलादाचा रवा (आतले कण) जाड होतो, तो याने बारीक होतो. रवा बघायचा तर कापलेल्या उरल्यासुरल्या तुकड्याला पाणी देऊन तो मोडा: मोड राखाडी, मखमलीसारखी हवी. साखरेसारखे कण चमकत असतील तर भट्टी जास्त भडकतेय.

आता पाणी. नावाला पाणी, पण कमानपाट्याला तेल लागतं. साध्या पाण्यात तो इतक्या झपाट्याने निवतो की 'टिण्ण' आवाज येतो, आणि तो आवाज म्हणजे भेग. करडईचं किंवा तळणाचं गाळलेलं सोयाबीन तेल चालतं. जळकं इंजिन ऑइल नको, त्याचा धूर वाईट. तेल 5 लिटर, पत्र्याच्या डब्यात, 50-60 अंशांवर कोमट. त्यात पाण्याचा थेंब नको, उसळून अंगावर येतं. झाकण हाताशी ठेवा. पेट घेतला तर झाकायचं, पाणी मारायचं नाही. एका खुरप्याने एवढं तेल अंदाजे 15 अंशांनी तापतं, तेव्हा दोन-तीन खुरप्यांनंतर डबा निवू द्या.

रंगाचा अंदाज सावलीतच घ्या. मे महिन्याच्या उन्हात लाल पोलाद काळं दिसतं आणि माणूस तापवत सुटतो. त्यापेक्षा तारेला चुंबक टांगा. 770 अंशांच्या आसपास पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं. तिथून रंग एक छटा चढू द्या, साधारण 850. मग धार खाली करून सरळ बुडवा आणि वर-खाली हलवा. आडवं हलवलं तर पातं वाकतं. निवल्यावर कानस लावा: काचेवरून सरकावी तशी घसरली तर पाणी बसलं. कानस चावली तर ताप कमी पडला, किंवा वरची कार्बन गेलेली साल लागतेय. थोडी साल काढून परत बघा.

या घडीला खुरपं काचेसारखंच ठिसूळ असतं. तासाभरात पाणी उतरवा. एक बाजू घासून लखलखीत करा आणि पाठीकडून तापलेल्या जाड लोखंडावर टेकवा. रंग पाठीकडून धारेकडे सरकतात: फिकट पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. धारेला तपकिरीवर जांभळी झाक आली, म्हणजे 260-280 अंश, की लगेच उचला. तोवर पाठ निळी झालेली असते, तिला लवचिकपणा हवाच. मुरमाड रानासाठी जांभळ्यापर्यंत जाऊ द्या. खड्यावर आपटून तुकडा उडण्यापेक्षा धार लवकर बोथट झालेली परवडते. काळ्या, मऊ रानात तपकिरीवर थांबलात तर धार जास्त टिकते.

धार काढताना ग्राइंडरवर कड निळी पडली तर तेवढं पाणी गेलं. निळं घासून काढा आणि पुढे दर घासणीला पातं पाण्यात बुडवत चला. खुरपं पुढच्या साली शेवटायला, म्हणजे झिजलेली धार ठोकून काढायला, भट्टीत घातलं की जुनं पाणी सगळंच जातं. तेव्हा चुंबकापासून जांभळ्या रंगापर्यंत सगळं पुन्हा करायचं.