मोहाचं रोप बियांपासून कसं करावं

मोहाच्या बिया साठवायच्या नसतात, हे सगळ्यात आधी लक्षात घ्या. त्या तेलकट असतात आणि काही आठवड्यांतच त्यांची उगवणशक्ती जाते. पहिल्या वर्षी मी त्या डब्यात ठेवून दिवाळीनंतर पेरल्या. एकही उगवली नाही.

फळं, म्हणजे टोळंबी, साधारण जून-जुलैत पिकून गळतात. सकाळी झाडाखाली जाऊन पिवळसर, मऊ झालेली वेचा. वटवाघळांनी गर खाऊन टाकलेल्या बियाही चालतात. गर काढला की आत तपकिरी, चकचकीत बी हाताला लागते. बिया धुऊन पाण्यात टाका. तरंगतील त्या काढून टाका, तळाशी बसतील त्या त्याच आठवड्यात पेरा.

मोहाचं सोटमूळ शेंड्यापेक्षा कितीतरी वेगानं खाली जातं, म्हणून पिशवी उंच घ्या, निदान १२ इंचांची. उथळ पिशवीत मूळ तळाशी वेटोळं घालतं आणि ते झाड पुढे कधीच नीट धरत नाही. दोन भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग कुजलेलं शेणखत मिसळून पिशवी भरा. बी आडवी ठेवून दोन सेंटिमीटर मातीखाली दाबा. साधारण दोन आठवड्यांत कोंब दिसतो. पुढची तांबूस कोवळी पानं पाहून रोप करपलं असं वाटेल, पण मोहाची पालवी तशीच असते. पाणी बेताचं द्या. महिन्यातून एकदा पिशवी उचलून जागा बदला, नाहीतर मूळ पिशवी फोडून जमिनीत शिरतं.

स्वतःची जागा असेल तर पिशवीच्या भानगडीत न पडता थेट पेरणी करा, असंच मी सांगेन. पहिल्या चांगल्या पावसानंतर फूटभर खड्डा भुसभुशीत करून दोन-तीन बिया टाका आणि वर बाभळीच्या काट्या पसरा. तेलकट बी उंदीर आणि खारी उकरून नेतात.

पिशवीतलं रोप पुढच्या पावसाळ्यात लावा. दोन झाडांत ८ ते १० मीटर अंतर हवं. पहिली काही वर्षं गुरं आणि वणवा, दोन्हींपासून जपा. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून मोहाखालचा पाचोळा जाळतात, त्यात आपोआप उगवलेली रोपंही जातात. बिया तर तेलासाठी आधीच वेचलेल्या असतात. म्हणूनच रानात जुने मोह दिसतात, पण त्यांच्याखाली पोरवयाचा मोह क्वचितच सापडतो.

फुलं यायला आठ-दहा वर्षं लागतात.